परक्या गावी रात्री उतरताना

प्रवासवर्णनाची चर्चा करताना आपल्याकडे स्थळवर्णन, निवेदकाचे व्यक्तिमत्त्व आणि विनोद या तीन गोष्टींचा ऊहापोह पुष्कळ झालेला आहे. ज्या थोड्या प्रसंगांवर या वाङ्मयप्रकाराची रचना उभी असते, त्या प्रसंगांकडे मात्र समीक्षेचे लक्ष क्वचितच गेले आहे. घर सोडणे, सरहद्द ओलांडणे, वाटेत आजारी पडणे, पैसे संपणे, परत फिरणे असे हे मोजके प्रसंग आहेत. त्यांतला एक मला सर्वांत कसोटीचा वाटतो. ओळखदेख नसलेल्या परदेशी शहरात, पाठीवर पिशवी घेऊन, राहण्याची सोय ठरलेली नसताना, रात्री जाऊन पोचणे, हा तो प्रसंग होय.

मराठीत ‘उतरणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. गाडीतून उतरणे हा एक, आणि मुक्कामाला राहणे हा दुसरा. “आपण कोठे उतरलात?” असा प्रश्न विचारणाऱ्याला स्थानकाचे नाव नको असते, यजमानाचे किंवा धर्मशाळेचे नाव हवे असते. एकाच शब्दात हे दोन अर्थ सुखाने नांदतात, कारण आपल्या परंपरेत गाडीतून पाय खाली टाकणे आणि कोणाच्या तरी ओसरीवर वळकटी ठेवणे यांत अंतर पडतच नसे. ज्या प्रसंगाचा विचार येथे करावयाचा आहे तो नेमका या दोन अर्थांच्या मधल्या फटीत घडतो. प्रवासी पहिल्या अर्थाने उतरलेला असतो, दुसऱ्या अर्थाने उतरावयाचा असतो. मधले दोन-तीन तास कोणाचेच नसतात.

अशा प्रवाशाला मराठीत काय म्हणावे, हाही अनुवादकापुढचा प्रश्न आहेच. ‘बॅकपॅकर’ हा शब्द आता तरुणांच्या तोंडी रुळला आहे आणि तो हाकलून लावण्यात काही अर्थ नाही. ‘पाठपिशवीधारी’ वगैरे घडवलेले शब्द कागदावरच मरतात. आपल्यापाशी ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ अशी म्हण तयार आहे. पण तिच्यात थोडा उपहास आहे, थोडी कीवही आहे. ज्याचे घरदार नाही, त्याच्याविषयी ती वापरली जाते. हौसेने पाठीवर बिऱ्हाड घेणारा माणूस या म्हणीने कल्पिलेलाच नाही. तरुणांनी पायी हिंडावे आणि स्वस्तात कोठे तरी निजावे, ही कल्पना संस्थेच्या रूपाने प्रथम जर्मनीत उभी राहिली. रिशार्ड शिरमान या शाळामास्तरांना ती १९०९ मध्ये सुचली, आणि पुढे आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात तरुणांसाठी पहिले कायमचे वसतिगृह सुरू झाले. १९३३ नंतर हीच वसतिगृहे हिटलरच्या युवक संघटनेच्या हाती गेली. या गोष्टीचा संबंध पुढे येईल.

आपल्या देशातील परंपरा याहून अगदी वेगळी. महानुभावांच्या स्थानपोथीत श्रीचक्रधरांच्या संचारातील स्थळे नोंदलेली आहेत आणि तेथे आसन, वसति, अवस्थान असा भेद केलेला आढळतो. जेथे बसले ते एक, जेथे रात्र काढली ते दुसरे, जेथे काही काळ राहिले ते तिसरे. प्रवासाच्या वर्णनाला याहून नेटकी परिभाषा आपण नंतरच्या सातशे वर्षांत निर्माण केली नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तेराव्या शतकातल्या त्या भ्रमंतीत रात्र काढावयाला प्रत्येक गावी देऊळ होते. पुढच्या काळातला यात्रेकरू तर कधीही परक्या गावी पोचलाच नाही. काशीला किंवा त्र्यंबकेश्वरी अपरात्री उतरणाऱ्या कुटुंबाला क्षेत्रोपाध्याय गाठतो, गाव आणि आडनाव विचारतो, आणि चोपडी उघडून त्याच्या पणजोबाचे नाव वाचून दाखवतो. ज्या शहरात आपले पाऊल पहिल्यांदाच पडते आहे, तेथे आपले नाव आपल्या आधी पोचलेले असावे, ही भारतीय प्रवासाची खरी खूण आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले ते याच जाळ्याच्या भरवशावर. बंडाने ते जाळे जागोजाग तुटले. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक मोठे ठरले त्याचे एक कारण मला येथे दिसते : ज्याला सर्वत्र ओळख मिळावयाची त्या भिक्षुकाला ओळख न देणारा देश त्यात पाहावा लागला आहे.

आधुनिक मराठी प्रवासवर्णनाने उपाध्यायाची जागा संस्थेला दिली. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ हे १९४० चे. गंगाधर गाडगीळ पाठ्यवृत्तीवर अमेरिकेस गेले आणि ‘साता समुद्रापलीकडे’ हे पुस्तक झाले. पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीचे शिक्षण घेण्यासाठी १९५८ मध्ये लंडनला गेले आणि ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये आली. यांपैकी कोणाचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. गाडगिळांची नजर नव्या गोष्टींवर जितक्या उत्सुकतेने खिळते, तितकी मराठीत फार थोड्यांची खिळली आहे. आणि ‘अपूर्वाई’ने मध्यमवर्गीय मराठी वाचकाला जग दाखवले हे तर उघडच आहे. परंतु या पुस्तकांतील प्रवाशाला पत्ता आहे. कोणती तरी संस्था, कोणी तरी गृहस्थ त्याची वाट पाहत आहे. पु. लं.चा निवेदक तर आपले पार्ले आणि गिरगाव बरोबर घेऊनच फिरतो, समोर येणारी प्रत्येक वस्तू त्या मापाने मोजून पाहतो, आणि त्यातूनच हशा उत्पन्न होतो. हे त्याचे सामर्थ्य आहे. मर्यादाही तीच आहे. अशा निवेदकाला अंधारात चाचपडावे लागत नाही. दिवा त्याच्याच हाती असतो.

हे केवळ मराठीचे लक्षण नव्हे. बंगालीत सय्यद मुजतबा अलींचे ‘देशे विदेशे’ घ्या. १९२७ मध्ये काबूलला शिक्षक म्हणून जाणारा हा तरुण पेशावरच्या फलाटावर उतरतो तो थेट एका अनोळखी पठाणाच्या मिठीत. काबूलला पोचल्यावर त्याला अब्दुर रहमान नावाचा धिप्पाड सेवक भेटतो, आणि पहिल्याच जेवणाला तो सहा माणसांना पुरेल इतके अन्न वाढून वर आणखी स्वयंपाकघरात आहे असे सांगतो. आगमनाचे इतके मोकळ्या मनाचे वर्णन भारतीय भाषांत क्वचित सापडेल. मात्र त्यातील आनंद ओळखीचा आहे. अनोळखीपणाचा अनुभव तेथे येण्यापूर्वीच ताटाखाली झाकला जातो.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. प्रवासवर्णन हे साहित्य केव्हा ठरते, या प्रश्नाला आपल्याकडे एक उत्तर बराच काळ दिले गेले : लेखकाचे व्यक्तिमत्त्व त्यात उतरले म्हणजे. माहिती कोणीही देईल, मार्गदर्शिकाही देईल. व्यक्तिमत्त्वाचा रंग तेवढा साहित्यिक देतो, असा हा विचार. ललित निबंधाचे माप येथे प्रवासवर्णनाला लावले गेले. त्याचा परिणाम असा झाला की लेखकाने स्थळापुढे सतत उभे राहावे, अशी अपेक्षा रूढ झाली. आयफेल मनोरा मागे आणि लेखक पुढे. अनोळखी शहरातली रात्र या मतातला दोष उघडा करते. त्या वेळी प्रवाशाचे व्यक्तिमत्त्व कोणाच्या उपयोगाचे नसते. तो कोण, कोठला, काय शिकलेला, हे जाणणारे कोणी नाही. त्याच्या विनोदाची भाषा कोणाला कळत नाही. पाट्या वाचता येत नाहीत. उरतात ते पाय, नाक, कान आणि खिशातली नाणी. अशा वेळी जो लेखक आपल्याला लहान होऊ देतो त्याचे गद्य जगते. जो तेव्हाही आपला रंग उधळीत राहतो त्याचे लेखन वाचताना, त्या रात्री तो खरोखर तेथे होता काय, अशी शंका येते.

या दृष्टीने निकोला बुव्हिए या स्विस लेखकाचे ‘ल्युझाझ द्यु माँद’ हे पुस्तक मी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे. बुव्हिए १९२९ चा. १९५३ च्या उन्हाळ्यात, चोविसाव्या वर्षी, तो जिनीव्हाहून एका लहानशा फियाट टोपोलिनो गाडीतून निघाला. त्याचा चित्रकार मित्र तिएरी व्हेर्ने आधीच युगोस्लाव्हियात हिंडत होता. दोघांनी बेलग्रेडला भेटावे आणि तेथून तुर्कस्तान, इराण, बलुचिस्तान, अफगाणिस्तान असे खैबरपर्यंत जावे, असा बेत होता. हातात वेळ दोन वर्षांचा आणि पैसे चार महिन्यांचे. पुस्तक निघाले ते दहा वर्षांनी, १९६३ मध्ये, व्हेर्नेच्या रेखाचित्रांसह आणि लेखकाच्या पदरमोडीने.

पुस्तकाच्या आरंभीच बेलग्रेडमधील आगमन आहे. मध्यरात्रीचे टोले पडत असताना तो माजेस्टिक नावाच्या कॅफेपुढे गाडी थांबवतो. येथे बहुतेक लेखकांनी काय केले असते ते आपण जाणतो. शहराचा इतिहास एका परिच्छेदात सांगितला असता, साव्ह आणि डॅन्यूब यांचा संगम आणला असता, तुर्कांचा किल्ला आणला असता. बुव्हिए यांतले काही करत नाही. तो खिडकीच्या विणलेल्या पडद्यातून आत पाहतो. आत त्याचा मित्र वाट पाहत बसला आहे आणि वेळ जावा म्हणून मेजावरच्या कापडावर खऱ्या आकाराचा भोपळा काढून त्यात बारीक बारीक बिया भरीत आहे. लेखक लगेच आत जात नाही. थोडा वेळ तो बाहेरच उभा राहून पाहत राहतो. बस्स.

हा थांबा हेच या प्रसंगाचे सार आहे. अनोळखी शहर बाहेर पसरलेले आहे आणि ओळखीचा एकच माणूस आत उजेडात आहे. निवेदक दोहोंच्या मध्ये, काचेपाशी आहे. मी वर उतरण्याच्या दोन अर्थांमधील फट म्हटली, तिला बुव्हिएने एक जागा दिली : कॅफेच्या खिडकीबाहेरची अर्धा हात जमीन. बेलग्रेडविषयी एक अक्षर न सांगता त्याने आगमनाचे सर्व काही सांगितले, कारण त्या घटकेला त्याला बेलग्रेडविषयी काही ठाऊकच नव्हते. अज्ञानाचे असे प्रामाणिक वर्णन फार अवघड असते. नंतर मिळवलेली माहिती लेखणीतून मागे गळत येते आणि पहिल्या रात्रीला पिकवून टाकते. दहा वर्षे लिहीत बसलेल्या माणसाने ती गळू दिली नाही, ही साधी गोष्ट नव्हे.

आणि ती माहिती पुढे येते तेव्हा तिचे वजन कळते. दोघे मित्र बेलग्रेडच्या एका टोकाला, साइमिश्ते येथे, चित्रकारांच्या वस्तीत राहतात. १९३० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेले ते प्रदर्शनाचे मैदान होते. जर्मनांनी १९४१ मध्ये तेथे छळछावणी केली. ज्यू, रोमा आणि सर्ब तेथे हजारोंनी मेले. युद्ध संपल्यावर आठ-नऊ वर्षांच्या आतच त्याच मोडक्या मंडपांतून चित्रकार संसार मांडून बसले होते. बुव्हिए हे सांगतो, पण आवाज चढवत नाही. ज्या उबदार रात्रीला शहर इतके शांत वाटले, त्या शांततेखाली काय होते ते वाचकाला दिवसाउजेडी आपोआप दिसते. पहिल्या पानावर इतिहास सांगितला असता तर ही जाणीव हरवली असती.

याच्या शेजारी पॅट्रिक ली फर्मर ठेवून पाहावा. तो पायी निघालेला, पाठीवर पिशवी घेतलेला, आणि वयाने याहून लहान. १९३३ च्या डिसेंबरात, अठराव्या वर्षी, लंडनच्या टॉवर ब्रिजजवळून एका लहान बोटीने तो निघाला. कॉन्स्टँटिनोपलपर्यंत चालत जावयाचे होते. उजाडण्यापूर्वीच्या अंधारात, बर्फ पडत असताना, तो रॉटरडॅमला उतरला. त्या रिकाम्या रस्त्यांवर त्याची पावले पडली आणि मग गोदीकाठच्या एका खाणावळीत त्याला न्याहारी मिळाली. हे सारे त्याने लिहिले ते १९७७ मध्ये, ‘अ टाइम ऑफ गिफ्ट्स’ या पुस्तकात, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनंतर. १९४० च्या मे महिन्यात जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा जुना भाग जाळून टाकला. म्हणून ज्या शहरात तो मुलगा चालला ते शहर लिहिणाऱ्या प्रौढाला ठाऊक आहे की उरले नाही. आणि तसे तो सांगतोही. येथे बुव्हिएच्या उलट घडते. माहिती मागे गळत येते, पण ती शोकाचे रूप घेऊन येते. फर्मरचे गद्य मला ठिकठिकाणी अतिशृंगारलेले वाटते. चर्चच्या कमानी आणि चिलखते यांच्या याद्यांतून पंधरा-पंधरा ओळींचे वाक्य धावते तेव्हा अठरा वर्षांचा मुलगा कोठेतरी मागे पडतो. पण रॉटरडॅमची ती पहाट त्याच्या पुस्तकातील सर्वांत साध्या पानांपैकी आहे. अंधाराने त्याच्या विद्वत्तेला तेवढ्यापुरता लगाम घातला.

पुढे म्यूनिकला पोचल्यावर त्याने पिशवी युवक वसतिगृहात ठेवली, प्रसिद्ध बिअरगृहात जाऊन तो इतका प्याला की सकाळी एका परोपकारी परक्याच्या घरी जागा झाला, आणि वसतिगृहात परत येऊन पाहतो तो पिशवी चोरीला गेलेली. पारपत्र गेले, पैसे गेले, रोजनिशी गेली. हे वर्ष १९३४ चे. वर म्हटल्याप्रमाणे ती वसतिगृहे तोपर्यंत हिटलरच्या संघटनेच्या हाती गेली होती, आणि बिअरगृहाच्या वरच्या मजल्यावर गणवेशातील माणसे गात होती. आता योगायोग असा की बुव्हिएच्या बाबतीतही असेच झाले. तब्रीझच्या हिवाळ्यात लिहिलेले कागद क्वेट्टा येथे हॉटेलातील नोकराने केर समजून फेकून दिले, आणि दोघे मित्र शहराच्या उकिरड्यावर ते शोधीत फिरले. कागद मिळाले नाहीत. या दोन पुस्तकांचे जे उत्तम अंश आहेत त्यांच्यामागे अशी हरवलेली टिपणे आहेत. टिपणवही हाती असती तर काय झाले असते, याचा विचार आमच्या प्रवासलेखकांनी करावा असा आहे. कारण आपल्याकडे प्रवासवर्णन पुष्कळदा टिपणवहीतून थेट मासिकात जाते आणि मासिकातून थेट पुस्तकात.

एक प्रश्न येथे टाळता येण्याजोगा नाही. वरचे दोघेही तरुण पुरुष आहेत आणि युरोपीय आहेत. रात्रीच्या शहराने त्यांना विस्मय दिला, तो सर्वांनाच देईल असे नाही. डर्व्हला मर्फी ही आयरिश बाई १९६३ मध्ये सायकलवरून एकटी भारताकडे निघाली. ‘फुल टिल्ट’ हे तिचे पुस्तक १९६५ चे. तिच्या सामानात एक पिस्तूल होते. पूर्व तुर्कस्तानातील एका मुक्कामी रात्री जाग आली तेव्हा एक धिप्पाड माणूस तिच्या खाटेवर वाकलेला होता. तिने छताकडे गोळी झाडली आणि तो पळाला. हे ती ज्या सहजतेने सांगते तिचे कौतुक झाले आहे. मला त्या सहजतेत एक हिशेब दिसतो. भीती सविस्तर सांगितली तर वाचक म्हणेल की बाईने एकटीने निघावयाचेच नव्हते. म्हणून स्त्रीच्या प्रवासवर्णनात रात्र आखडते, आणि काही वेळा वगळलीही जाते. आपल्याकडे मीना प्रभूंसारख्या लेखिकेने दक्षिण अमेरिकेपर्यंतची वाट मराठीत आणली. तशा लेखनाकडे पाहताना काय सांगितले आहे याइतकेच काय आवरून घेतले आहे हेही समीक्षकाने पाहावयास हवे.

भारतीयाच्या बाबतीत निराळे गणित असते. विक्रम सेठ नानजिंग विद्यापीठात विद्यार्थी असताना १९८१ च्या उन्हाळ्यात मालमोटारींतून वाट काढीत गोल्मुडमार्गे ल्हासाला आणि तेथून नेपाळमार्गे घरी आला. ‘फ्रॉम हेवन लेक’ हे पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तुर्फान येथे एका मैफलीत त्याने ‘आवारा’ या चित्रपटातील गाणे म्हटले, आणि ल्हासाला जाण्याचा परवानाही त्याला तेथेच मिळाला. राज कपूरचे गाणे ओळखणाऱ्या माणसांच्या गावात भारतीय प्रवासी पुरता अनोळखी राहत नाही. क्षेत्रोपाध्यायाच्या चोपडीचे हे नवे रूप समजावे. सेठचे गद्य मात्र या ओळखीचा फायदा घेऊन सैल होत नाही. मालमोटारीचा चालक, चिखलात रुतलेली चाके, उंचीवर दुखणारे डोके हे त्याचे विषय. स्वतःविषयी तो मोजके बोलतो.

स्वस्त प्रवासाचा पुढला इतिहास थोडक्यात आटोपतो. १९६० आणि १९७० च्या दशकांत इस्तंबूलहून काबूलमार्गे काठमांडूपर्यंत तरुणांची रांग लागली. टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने याच वाटेवरच्या अनुभवावरून १९७३ मध्ये एक पातळ पुस्तिका काढली आणि तीतून लोन्ली प्लॅनेट ही मोठी प्रकाशनसंस्था झाली. १९७९ मध्ये इराणातील क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजा यांनी ती वाट बंद केली. अॅलेक्स गार्लंडच्या ‘द बीच’ या १९९६ च्या कादंबरीत बँकॉकमधील एक आख्खा रस्ता अशा प्रवाशांची वाट पाहत बसलेला दिसतो. तेथे कोणीही परका नाही, म्हणून कोणी कोठे पोचतही नाही. आज तर प्रवाशाच्या हातातील यंत्र त्याला गल्लीबोळ दाखवते, खोली आधीच राखून ठेवते, तिचे छायाचित्रही दाखवते. सोय झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. बॅटरी संपल्यावर मात्र जुनी रात्र जशीच्या तशी हजर होते, असे तरुण मंडळी सांगतात.

परंतु या साऱ्या लेखनाविषयी माझ्या मनात एक अडथळा आहे तो असा. या प्रवाशांचे दारिद्र्य ऐच्छिक आहे. बुव्हिएचे चार महिन्यांचे पैसे संपले तरी जिनीव्हा जागच्या जागी होते. फर्मरची पिशवी गेल्यावर ब्रिटिश वकिलातीतून पाच पौंड उसने मिळाले. पाठीवरचे बिऱ्हाड खाली ठेवता येते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या अंधाराला एक सुरक्षित कड असते. यात दोष नाही; पण लेखकाला त्याचे भान आहे की नाही, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. राहुल सांकृत्यायनांना ते होते. १९२९ मध्ये ते भिक्षूच्या, किंबहुना भिकाऱ्याच्या वेषात तिबेटात शिरले. थोङ्ला खिंडीच्या अलीकडच्या शेवटच्या गावी सोबतीच्या ओळखीने त्यांना रात्री चांगली जागा मिळाली. पाच वर्षांनी त्याच वाटेने ते सभ्य प्रवाशाच्या वेषात, घोड्यावरून आले तेव्हा कोणी दारात उभे केले नाही आणि गावातील सर्वांत गरीब झोपडीत रात्र काढावी लागली. याचा अर्थ लावताना राहुलजी ना भिकाऱ्याची महती गातात, ना गावकऱ्यांना दोष देतात. संध्याकाळी छङ् पिऊन माणसांचे चित्त ठिकाणावर नसते, त्या वेळच्या मनःस्थितीवर सारे अवलंबून, असे ते सांगतात आणि पुढे निघतात. हिंदी प्रवासवर्णनात याहून थोर पाने असतील, याहून निरोगी पाने मला माहीत नाहीत.

आणि ज्याचे दारिद्र्य ऐच्छिक नाही त्याचे आगमन? ते शोधावयाला प्रवासवर्णन सोडून कादंबरीकडे जावे लागते, हेच मुळात बोलके आहे. त्रिनिदादच्या सॅम्युएल सेल्व्हन याची ‘द लोन्ली लंडनर्स’ ही कादंबरी १९५६ ची. सेल्व्हनच्या घराण्याची मुळे भारतात होती. हिवाळ्यातील धुक्याच्या संध्याकाळी मोझेस नावाचा जुना रहिवासी बोटीच्या उतारूंची गाडी गाठण्यासाठी वॉटर्लू स्थानकावर जातो. ज्याला उतरवून घ्यावयाचे त्या तरुणाला त्याने कधी पाहिलेले नाही. तो तरुण, पुढे ज्याचे नाव गॅलहॅड पडते, उन्हाळी कपड्यांत गाडीतून उतरतो. थंडी त्याला वाजत नाही. सामान कोठे आहे असे विचारता तो सांगतो की सामान नाही. दात घासण्याचा ब्रश तेवढा आहे. जगातील प्रवासवाङ्मयात पाठीवरच्या पिशवीवर याहून मार्मिक भाष्य झालेले नाही. ज्याला परत जावयाचे असते तो पिशवी भरतो. हा खिशात ब्रश घालून एका साम्राज्याच्या राजधानीत राहावयाला आला आहे.

सेल्व्हनने हे सारे कॅरिबियन बोलीच्या लयीत लिहिले, संवाद तर लिहिलेच पण निवेदनही लिहिले. अनुवादकाला येथे घाम फुटतो. मालवणी घ्यावी तर समुद्र मिळतो, पण गाव फार जवळ येते. वऱ्हाडी घेतली तर समुद्रच जातो. मुंबईच्या गिरणगावात चारी बाजूंची माणसे येऊन जी मिसळलेली मराठी तयार झाली ती या पुस्तकाला सर्वांत जवळची आहे असे मला वाटते. तिच्यातही परक्या शहरात येऊन खोली शोधण्याची आठवण मुरलेली होती, आणि एका खोलीत पाळीपाळीने निजणारी माणसे होती. प्रमाण मराठीत ही कादंबरी नेली तर मोझेस लगेच पांढरपेशा होऊन बसेल.

गॅलहॅडची पहिली रात्र मोझेसच्या खोलीत निर्धास्त जाते. आगमनाचा प्रसंग येथे संपला असे वाचकास वाटते. सेल्व्हन तो दुसऱ्या दिवशी पुन्हा घडवतो. बरोबर येऊ का असे मोझेस विचारतो, तर हा ऐटीत नको म्हणतो आणि काम शोधण्यासाठी एकटा बाहेर पडतो. रस्त्यावर माणसांची धावपळ आहे. आकाशात सूर्य आहे, पण त्याला ऊब नाही, आणि असा सूर्य त्याने जन्मात पाहिलेला नाही. आदल्या संध्याकाळच्या धुक्यात जो घाबरला नाही, तो भर दिवसा पदपथावर उभा राहून घाबरतो. आणि मोझेस मागून येऊन त्याला गाठतो तेव्हा आपल्याला कोणी शोधावे अशी आपली इच्छा होती, हे कबूल न करता तो त्याच्याबरोबर चालू लागतो.